आरटीके रिसीव्हर, आठ महिन्यांनंतर: यंत्र बरं, काठीचा बुडबुडा दगाबाज

आरटीके म्हणजे बेसकडून (माहीत जागेवर ठेवलेल्या दुसऱ्या रिसीव्हरकडून) सुधारणा घेऊन सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारं मोजणीचं जीपीएस. पहिल्या तीन महिन्यांनंतर लिहिलं असतं तर दोन तारे. आता चार.

पत्रकात चूक ८ मिमी अधिक १ पीपीएम (बेसपासून दर किलोमीटरला आणखी १ मिमी) लिहिलीय, उघड्या सड्यावर तेवढी अचूकता मिळतेही. तरी हद्दीचा तोच चिरा दोनदा मोजला की ५-६ सेंटिमीटरचा फरक. सर्व्हिसवाल्यांचं एकच पालुपद: रिसीव्हर कुरियरने पाठवा, तपासणीचे पैसे वेगळे. रिसीव्हर ठणठणीत होता, बिघडला होता तो ज्या काठीच्या टोकावर बसतो, तिच्यावरचा गोल बुडबुडा (काठी सरळ उभी आहे का ते दाखवणारा). २ मीटरची काठी १ अंश कलली की वरचं टोक ३.५ सेंटिमीटर सरकतं. पुढच्या वेळी चिऱ्याच्या पलीकडच्या बाजूला उभं राहून मोजलं की तीच चूक उलट दिशेला, म्हणजे फरक दुप्पट.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. काठी बायपॉडवर (दोन पायांच्या आधारावर) घट्ट धरा, बुडबुडा मधोमध आणा, काठी जागच्या जागी १८० अंश फिरवा. बुडबुडा हलला तर अर्धी चूक खालच्या तीन स्क्रूंनी काढा, अर्धी बायपॉडच्या पायांनी. पुन्हा फिरवून बघा. एक स्क्रू सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नका, बैठक तडकते. काठी जीपच्या टपावरून गेली की हे पुन्हा करायचं. टिल्टवालं (काठी कलली तरी हिशेब सुधारणारं) मॉडेल घ्या, असं सांगणारे भेटतील. ते स्क्रू फिरवायची षटकोनी चावी, ॲलन की, त्याहून पुष्कळ स्वस्त.

माडांच्या भाटात आणि काजूखाली मात्र बुडबुड्याचा दोष नाही, पानांआड उपग्रहांचा सिग्नल अडतो. तिथे पडद्यावर ‘फ्लोट’ (जागा अजून पक्की नाही) आलं तर नोंदच करू नका. ‘फिक्स’ (जागा पक्की) सुद्धा कधी कधी खोटं निघतं, म्हणून इनिशियलायझेशन तोडून (जागेचा हिशेब पहिल्यापासून करायला लावून) अर्ध्या तासाने तोच बिंदू पुन्हा घ्यावा. दाट झाडीत बाहेर उघड्यावर दोन बिंदू घेऊन आत टोटल स्टेशननेच (दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रानेच) जायचं. ते दोन बिंदू एकमेकांपासून ३० मीटरवर ठेवले आणि एक २ सेंटिमीटरने चुकला, तर ९० मीटरवर ६ सेंटिमीटर गेले. गोव्यातल्या सत्तरी-सांग्याच्या खोऱ्यांत सुधारणा आणणारं मोबाईल नेट जातं, तेव्हा स्वतःचा बेस लागतोच.

सर्व्हेअर निवडताना यंत्राची कंपनी विचारून काही कळत नाही. काठी शेवटची कधी तपासली, ते विचारा. दुसरं, अंतर ग्रिडचं (नकाशाच्या जाळीवरचं) की जमिनीवरचं? गोव्यात यूटीएम ४३ या ग्रिडमध्ये १०० मीटरला दोन ते तीन सेंटिमीटर कमी येतात. टेप लावणारा गवंडी ते पकडतो आणि मग भांडण. तिसरं, उंची कुठल्या खुणेवरून? नुसती जीपीएसची उंची पणजीच्या किनाऱ्यावर उणे येते, गटाराची पातळी ठरवताना ती खुणेवरून काढलेल्या उंचीशी मिसळली तर पाणी घरात. कोरं उत्तर मिळालं तर दुसरा बघा, स्वस्त असला तरी.

आणि एक-चौदा उताऱ्यासोबतच्या (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या कागदासोबतच्या) १:१००० नकाशावरून ‘सेंटिमीटरमध्ये हद्द’ देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. त्या नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर ५० सेंटिमीटर होते. खाजगी मोजणी घराच्या आराखड्याला चालते; शेजाऱ्याशी वाद असेल तर अर्ज भूमी अभिलेख खात्यातच करावा लागतो.

पाचवा तारा कापला तो एवढ्यासाठी: इतक्या किमतीच्या पेटीत ॲलन की नाही.