गच्चीवर भाजी लावायची: विटांचे वाफे की क्रेट?

चार-दोन कुंड्यांनी भागेना की प्रश्न उरतो एवढाच: गच्चीवर विटा रचून वाफे करायचे, की भाजीबाजारात असतात तसे प्लास्टिकचे क्रेट मांडायचे? पुण्यातल्या आमच्या गच्चीवर मी चार वर्षं वाफे केले, आता तीन वर्षं क्रेट आहेत.

पिकाचं म्हणाल तर वाफ्याला तोड नाही. दुधीची मुळं हवी तशी पसरतात, गांडुळं चांगली टिकतात, एप्रिलमध्ये वरून सुकलेल्या मातीत बोट खुपसलं तरी खाली गारवा लागतो. क्रेटला त्या दिवसांत दोन वेळा पाणी लागतं. गावाला जायचं तर शेजारी किल्ली देऊन जावं लागतं. वाफ्याच्या वजनाचं मात्र आधी पाहा. गच्चीवर वापराचा भार साधारण दर चौरस मीटरला 150 किलो धरलेला असतो आणि फूटभर ओली माती त्याच्या तिपटीवर जाते. म्हणून मी माती थोडीच घातली. बाकी पालापाचोळा, उसाचं पाचट आणि नारळाच्या शेंड्या.

माझं मत फिरलं ते ओलीमुळे. चौथ्या पावसाळ्यात खालच्या काकूंनी हाक मारली, "जरा आमचं छत बघायला येतोस का?" त्यांच्या देवघराच्या वर थाळीएवढा पिवळा डाग, कडेने रंगाचे पोपडे. पाणी उतरतंय कुठून ते दिसायला काही मार्गच नव्हता, कारण वर दहा फुटांचा वाफा आणि त्यात फुलावर आलेली वांगी. तीन दिवस घमेल्यांनी उपसला, तेव्हा कठड्याच्या सांध्यात केसाएवढा तडा सापडला. त्यात कढीलिंबाचं पांढरं मूळ शिरलं होतं. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

क्रेट विटांवर ठेवले की खालून झाडू फिरतो, पाणी उताराने सरळ पाइपाकडे जातं आणि शंका आलीच तर क्रेट सरकवून पाच मिनिटांत जमीन बघता येते. आतून शेडनेटचं अस्तर द्या, नाहीतर पाण्याबरोबर माती वाहून जाते. मेथी, पालक, मिरची, वांगी उत्तम येतात. दुधी तेवढा रुसतो. त्याच्यासाठी मी अर्धा कापलेला ड्रम ठेवलाय. उन्हाने क्रेट ठिसूळ होतात, त्यामुळे काही वर्षांनी ते बदलणं आलंच.

तुमचं अंगण असेल, किंवा गच्चीखाली तुमचीच खोली असून वॉटरप्रूफिंग नवं असेल, तर वाफ्याचा विचार जरूर करा. माझा अनुभव सगळ्यांना लागू पडेल असं नाही. खाली दुसऱ्याचं घर असेल तर मी क्रेटच घेईन. तरीही वाफ्यावरच मन असेल, तर कठड्यापासून हातभर सोडून बांधा, म्हणजे तो सांधा नजरेसमोर राहील.