सावंतवाडीचा मंगळवारचा बाजार: काय घ्यावं, कसं पारखावं

सावंतवाडीचा आठवडा बाजार मंगळवारी भरतो. सकाळी लवकर गेलात तरच जाण्यात अर्थ आहे. उन्हं चढली की गावठी माल संपतो आणि घाटावरून आलेल्या कोबी-टोमॅटोचे ढीग उरतात. ते कुठेही मिळतात. गोणपाटावर लाल भाजी, वालीच्या शेंगा, दोन नारळ, केळ्यांची फणी असे थोडे थोडे जिन्नस मांडून बसलेली बाई दिसली की तो परसातला माल समजावा. भाजी ओळखीची नसेल तर विचारा. कशी निवडायची, फोडणीला काय घालायचं, सगळं नीट सांगतात. दहा-वीस रुपयांच्या वाट्यावर मात्र घासाघीस करू नये.

खरी मजा मे महिन्यात, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या खरेदीला. चांगलं आमसूल काळपट जांभळं, मऊ, दुमडल्यावर न तुटणारं असतं. वर मिठाचा पांढरा थर असेल, बोटं ओली होत असतील, तर तुम्ही मीठ-पाण्याचे पैसे देताय. आमसुलासाठी रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं खारवलेल्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवावी लागतात. यात घाई झाली की ती आतून ओली राहतात आणि पावसाळ्यात बुरशी धरतात. म्हणून घरी आणल्यावर दोन कडक उन्हं दाखवूनच बरणीत भरा. आगळाच्या, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसाच्या, रंगाची शंका असेल तर चमचाभर आगळ पाण्यात घालून फेस थांबेपर्यंत खाण्याचा सोडा टाका. रातांब्याचा लाल रंग निळसर-काळपट होतो. तसाच लालभडक राहिला तर बाहेरचा रंग मिसळलाय. सोलकढीसाठी एका नारळाच्या दुधाला दोन-तीन मोठे चमचे आगळ पुरतं. त्यात मीठ असतंच, चव घेतल्याशिवाय वरून घालू नका.

सुका जवळा मुठीत दाबून सोडावा. तळहाताला वाळू लागली तर पुढे चला, ती कितीही धुतली तरी दाताखाली येते. ओले काजूगर शेकड्यावर मिळतात, त्याच दिवशी वापरावेत.

बाजार आटोपून चितारआळीत, लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिरांच्या आळीत, जायलाच हवं. खरं तर या कारागिरांना बाजारातच हक्काची रांग मिळायला हवी. लाकडी फळं घेताना देठाजवळ आणि बुडाशी बारीक चीर आहे का पाहा. ओलं लाकूड कातलं की ते सुकताना तिथेच तडकतं. पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं, त्यामुळे हातात जड लागलेलं फळ ओलसर लाकडाचं आहे का, हे विचारून घ्या. लहान मूल तोंडात घालणार असेल तर रंग कोणता वापरलाय तेही विचारा.

गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवलेली हवी असेल तर पान उजेडात तिरकं धरा. कुंचल्याचे फटकारे जरा उठून दिसतात, एकाच चित्राची दोन पानं तंतोतंत सारखी नसतात. छापील पान सपाट असतं. दशावतारी संच 120 पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी 12. मोजून घ्या, एक पान कमी असेल तरी डाव मांडता येत नाही.