दोन नंबरची बाटली हलवली का?

टेस्ट ट्यूबमधलं पाणी पिवळंधमक. दुकानदार ट्यूब रंगपट्टीला लावून दाखवतो, "बघा साहेब, नायट्रेट झिरो." आठवड्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या त्याच खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचं पाणी त्याच टेस्ट किटवर लालभडक आलं होतं, ८० पीपीएमच्या (लिटरला ८० मिलिग्रॅमच्या) घरात. मधल्या काळात त्यानं दिलेलं 'नायट्रेट रिमूव्हर' टाकीत पडलं आणि गिऱ्हाइकाचे पैसे त्याच्या गल्ल्यात. नायट्रेट मात्र होतं तिथेच आहे. फरक एवढाच, की या वेळी त्यानं दोन नंबरची बाटली हलवली नाही.

बाजारात सर्रास मिळणारं थेंबांचं किट नायट्रेट थेट मोजत नाही. दुसऱ्या बाटलीत जस्ताची भुकटी असते. ती नायट्रेटचं नायट्राइट करते आणि रंग त्या नायट्राइटला चढतो. भुकटी तळाशी बसते, जुन्या बाटलीत तर गच्च थिजते. वरवरचं द्रव थेंब-थेंब घातलं तर रंग चढायला काही उरतच नाही. म्हणून बाटली आधी टेबलावर आपटून मोकळी करायची, ३० सेकंद जोरात हलवायची, थेंब टाकल्यावर ट्यूब आणखी १ मिनिट हलवायची आणि ५ मिनिटं थांबून मगच रंग बघायचा. समोरचा माणूस यातलं एक जरी गाळत असेल तर त्याच्या आकड्याला किंमत नाही.

हेच किट उलट्या बाजूनेही वापरतात. टाकीतले जिवाणू घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करू लागले, की टाकीची 'सायकल' झाली म्हणतात. 'सायकल झालेली' रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, विकताना पाणी लाल दाखवायचं असतं, म्हणजे नायट्रेट तयार झालंय, मासे सोडा. पण अर्धवट सायकलमध्ये नायट्राइट साचलेलं असतं आणि नायट्रेटचं किट त्यालाही लाल होतं. नायट्राइट वेगळं तपासून शून्य आल्याशिवाय त्या लाल रंगाला अर्थ नाही. खात्री करायची तर १०० लिटर पाण्याला ०.६ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घाला, अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येईल. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तर टाकी तयार. अर्थात, ही परीक्षा मासे सोडण्याआधीची. विकणारा "एवढं काही लागत नाही" म्हणाला, तर लागतं.

टाकीबरोबर जिवाणूंची बाटलीही गळ्यात मारतात. अमोनिया फोडणारे खरे जिवाणू बीजाणू करून तग धरणारे नव्हेत. मे महिन्यात टेम्पोत दोन दिवस तापलेली, मग शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली वर्षभर उभी राहिलेली बाटली म्हणजे बहुधा मेलेलं पाणी. स्वस्त बाटल्यांत बॅसिलस असतो. तो टिकतो खरा, पण घाण कुजवतो, अमोनियाचं नायट्राइट करत नाही. एक्स्पायरी आणि बॅच नंबर बघा, सील बघा, दुकानात ती कुठे ठेवली होती तेही बघा.

लाइव्ह रॉकबद्दल, म्हणजे जिवाणू आणि शेवाळ वसलेल्या समुद्री दगडाबद्दल, थोडक्यात. आपल्या किनाऱ्यावरून उचललेल्या दगडावर प्रवाळ असेल तर तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला मामला आहे. "आमच्याकडे सगळं लीगल" या तोंडी वाक्यावर घरात आणू नका. जांभळा रंग मारलेले सिमेंटचे दगडही खपतात. नखाने खरवडून निघालेल्या जांभळ्या पापुद्र्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. खऱ्या दगडावरचं कोरलाइन शेवाळ (चुन्याचं जांभळं कवच करणारं) फसफसतं, रंग नुसताच भिजतो. नीट न मुरवलेलं सिमेंट पीएच ९ च्या वर नेतं, ते वेगळंच.

आता त्या रिमूव्हरकडे. गोड्या पाण्यात चालणारं नायट्रेट शोषणारं रेझिन समुद्राच्या पाण्यात जवळपास निकामी असतं. लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असताना त्या गर्दीत काही मिलिग्रॅम नायट्रेटला जागा कोण देणार? बिनलेबलच्या बाटलीला आंबूस वास येत असेल तर आत बहुधा व्हिनेगर आहे. व्हिनेगर काम करतं, हे मान्य. जिवाणू त्यावर वाढतात, नायट्रेट आणि फॉस्फेट खातात, स्किमर, म्हणजे फेस करून घाण काढणारं यंत्र, त्यांना बाहेर काढतो. पण किती घालायचं हे न सांगता 'एक झाकण रोज' म्हणून दिलं, की पाणी दुधासारखं होतं, ऑक्सिजन घसरतो आणि सकाळी मासे वर येऊन धापा टाकतात. असं झालं तर डोस बंद, हवेचा पंप चालू.

पाणी बदलण्याला पर्याय नाही, पण त्याचंही गणित आहे. ८० पीपीएमवर २५ टक्के बदललं की ६०, मग ४५, मग ३४. २५० लिटरच्या टाकीला एका वेळी ६२ लिटर पाणी आणि साधारण सव्वादोन किलो रीफ सॉल्ट. खाली ५ ते १० पीपीएमवर थांबा. शून्य हे ध्येय नाही, शून्यावर प्रवाळ फिके पडतात. नव्या पाण्यातच नायट्रेट असेल तर हे सगळं वाया. पिण्याच्या आरओमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो कच्चं पाणी मुद्दाम परत मिसळतो. 'आरओचं पाणी' म्हणून विकत आणलेल्या जारमध्ये टीडीएस पेन बुडवून बघा. उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिननंतर आकडा ० हवा, ६० नव्हे.

किटवर छापलेलं एककही वाचा. 'नायट्रेट-नायट्रोजन' असेल तर आकड्याला ४.४ ने गुणायचं. १० वाचून खूश झालेल्या माणसाच्या टाकीत प्रत्यक्षात ४४ असतं.

बिल, बाटलीचा फोटो आणि टेस्टचा व्हिडिओ ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना तेच लागतं. आणि पैसे देण्याआधी एक उद्योग जरूर करा. १.६३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट १ लिटर डीआय पाण्यात विरघळवा, हे १००० पीपीएम झालं. त्यातलं २० मिली ताज्या, नायट्रेट नसलेल्या खाऱ्या पाण्यात घालून १ लिटर करा, २० पीपीएम. छोट्या बाटलीत भरून दुकानात न्या आणि टाकीचं पाणी म्हणून तपासायला द्या. "झिरो आहे साहेब" असं उत्तर आलं, की बाटली खिशात टाकून बाहेर पडा.