कडोलीच्या शिवारात गर्किन: कंपनीच्या कराराचा माझा एक हंगाम

आमच्या कडोली भागात बटाटा आणि रताळी ही ठरलेली पिकं. दर पडला तरी माल न्यायचा कुठं हे ठाऊक असतं. गर्किनचं तसं नाही. परदेशात लोणचं घालतात ती ही बोटाएवढी काकडी, बेळगावच्या बाजारात कुणी हातात घेत नाही, आपण कोशिंबिरीलासुद्धा गावठी काकडीच घेतो. एकच गिऱ्हाईक, ते म्हणजे कंपनी. म्हणून तिच्या सेवेबद्दल सविस्तर लिहिते. यंदा आमच्याकडं बऱ्याच जणी विचारायला लागल्यात.

संक्रांत झाल्यावर अर्ध्या एकरात बी टोकलं. बी, खत, औषध कंपनीनं उधारीवर दिलं, बिलातून कापून घ्यायच्या बोलीवर. करार कन्नड आणि इंग्रजीत होता. पुतण्यानं मराठीत वाचून दाखवला, तेव्हाच सही केली. दर चार दिवसांनी कंपनीचा मुलगा यायचा, हुक्केरीकडचा, मला अक्का म्हणायचा. त्याच्या कामाला मी पूर्ण गुण देते. केवडा रोग पानाच्या मागच्या बाजूला कसा ओळखायचा ते त्यानं हातात पान धरून शिकवलं. कुठलं औषध, कधी, किती, हे सगळं वहीत लिहायला लावलं. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याचा अंश किलोमागं 0.01 मिलिग्रॅमच्या वर गेला की माल परत. दुकानदाराच्या सांगण्यावरून फवारलं तर कंटेनर अडकतो, म्हणून ते फवारायचंच नाही.

पस्तिसाव्या दिवशी पहिला तोडा. तिथून पुढं घरात सण असो की मयत, तोडा रोज. जेवढी बारीक काकडी, तेवढा दर जास्त. किलोत 160 च्या वर बसली तर वरचा ग्रेड. सकाळी बारीक म्हणून सोडलेली दुसऱ्या दिवशी खालच्या ग्रेडात जाते. टोकाला चिकटलेलं फूलही काढावं लागतं. त्या फुलातल्या पाचक द्रव्यांनी मिठाच्या पाण्यात काकडी मऊ पडते. हे आधी कळलं असतं तर पहिल्या दोन तोड्यांत सासूबाई आणि मी एवढी घाई केली नसती.

एकदा आम्हाला कारखाना दाखवायला नेलं. टोप्या घातलेल्या बायका पट्ट्यावर निवडत होत्या, पुढं बरण्यांत व्हिनेगर पडत होतं, मागच्या अंगणात निळ्या ड्रमांची रास. मी एक बरणी विकत मागितली. मिळाली नाही. हा शंभर टक्के निर्यातीसाठीचा कारखाना आहे, असं तिथल्या साहेबांनी समजावलं. यंत्रं आणि कच्चा माल परदेशातून आणला तर सीमाशुल्क माफ, त्या बदल्यात माल बाहेर गेला पाहिजे आणि पाच वर्षांत आणलेल्यापेक्षा जास्त परकीय चलन मिळवून दाखवलं पाहिजे. देशात विकायचं तर वेगळे नियम, वेगळा कर. माझ्या शेतातली काकडी मलाच चाखायला मिळाली नाही याचं वाईट वाटलं, पण नियम पटला.

सरकारच्या आकड्यांप्रमाणे 2020-21 मध्ये देशातून 2,23,515 टन काकडी आणि गर्किन गेलं. एकरी चार टन, 80,000 रुपये उत्पन्न आणि 90 दिवसांत 40,000 निव्वळ, असंही त्यात आहे. मला अर्ध्या एकरात सोळाशे किलो मिळालं. पाणी ड्रिपचं आणि तोडणारे हात घरचेच, म्हणून हिशेब बसला. मजुरीवर तोडलं असतं तर बसला नसता.

आता तक्रार. मार्चमध्ये तीन दिवस माल न्यायला कंपनीची गाडी आलीच नाही. क्रेट झाडाखाली ओल्या गोणपाटानं झाकून ठेवले, तरी काकडी पिवळी पडली. कारखान्यात ती नापास झाली, आणि वजनातून वजा झाल्याचं मला बिल आल्यावर कळलं. चूक गाडीची, नुकसान माझं. फोन केला तर हा म्हणे त्याला विचारा, तो म्हणे ह्याला. उरलेलं बिलही ठरल्यापेक्षा महिनाभर उशिरा आलं. शिकवणं उत्तम आणि वाहतूक अशी, हे मला अजून पचत नाही. तोडलेल्या काकडीला थांबायला सांगता येत नाही. त्याच दिवशी ती मिठात नाहीतर बरणीत गेली पाहिजे, हे कंपनीवाल्यांनीच तर आम्हाला शिकवलं.

तरी यंदा पुन्हा लावणार आहे, अर्धाच एकर. घरात चार हात आणि विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी असेल तरच तुम्ही लावा. मी दोन गोष्टी करारात लिहून मागितल्यात. वजन आणि ग्रेड बांधावरच ठरायचे, पावतीवर दोघांची सही. आणि गाडी संध्याकाळी सहापर्यंत आली नाही तर त्या दिवसाचा माल कंपनीचा. पहिली अट मान्य झाली. दुसरीला उत्तर अजून यायचंय, आणि ते आल्याशिवाय मी बी घेणार नाही.