स्ट्रपीटाइम की डेटयुटिल? भांडण महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांचं

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आडव्यातिडव्या लिहिलेल्या तारखा वाचायच्या तर बहुतेकांची निवड या दोघांतच अडते. स्ट्रपीटाइम (strptime) हे पायथनचंच फंक्शन, त्याला फॉरमॅट, म्हणजे तारीख कशी लिहिली आहे त्याचा साचा, आपण द्यायचा. डेटयुटिल (dateutil) ही वेगळी लायब्ररी, तिचा पार्सर, म्हणजे तारीख वाचणारा भाग, तो साचा स्वतः ओळखतो. दोन्ही वर्षानुवर्षं वापरात आहेत आणि वाईट कुणालाच म्हणता येणार नाही.

डेटयुटिलची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. सप्टेंबरचं इंग्रजी लघुरूप कुणी तीन अक्षरी लिहितं, कुणी चार अक्षरी. स्ट्रपीटाइमच्या साच्यातली महिन्याच्या लघुरूपाची खूण टक्का-बी (%b) तीन अक्षरीच घेते, चौथं अक्षर दिसलं की व्हॅल्यू-एरर देऊन काम थांबतं. लॉगमध्ये (प्रोग्रॅमने ठेवलेल्या नोंदींत) सेकंदाच्या दशांशानंतर नऊ आकडे असतील, तर त्यांची खूण टक्का-एफ (%f) सहा घेतो आणि उरलेल्या तिनांवर अडतो. डेटयुटिल दोन्ही ठिकाणी मुकाट्याने पुढे जातो.

पण हा मुकाटपणाच पुढे नडतो. आपल्याकडे एक्सेलमधून काढलेल्या सीएसव्ही फाइलीत ०३/०४/२०२४ म्हणजे ३ एप्रिल. डेटयुटिल काही न सांगता महिना आधी धरतो आणि ४ मार्च देतो. पुढच्या ओळीत १३/०४/२०२४ आलं, की तेरावा महिना नसल्यामुळे तो गुपचूप १३ एप्रिल वाचतो. एकाच रकान्यात दोन पद्धती, आणि एरर एकही नाही. वर्षातल्या १३२ तारखा अशा उलटतात, बाकीच्या बरोबर येतात. चाचणीला महिनाअखेरच्या नोंदी घेतल्या असतील, तर चूक दिसणारच नाही.

यावर डेटयुटिलला ‘दिवस आधी धर’ असं सांगणारा डेफर्स्ट (dayfirst) हा पर्याय ट्रू करा असं सांगितलं जातं. तेवढ्याने भागत नाही. डेफर्स्ट लावून डेटाबेसच्या पद्धतीचं २०२४-०३-०४ (वर्ष-महिना-दिवस, म्हणजे ४ मार्च) दिलं, तर डेटयुटिल वर्ष-दिवस-महिना असा क्रम धरतो आणि ३ एप्रिल परत करतो. म्हणजे एक्सेलमधून आलेल्या तारखा सुधारल्या, पण डेटाबेसमधून आलेल्या बिघडल्या. माझ्या लेखी निकाल इथेच लागतो.

दोन अंकी वर्षांचंही तसंच. स्ट्रपीटाइम ६९ ते ९९ ला १९०० च्या शतकात टाकतो, ०० ते ६८ ला २००० च्या. १९६५ सालचा जन्म २०६५ होईल खरा, पण दरवर्षी तोच होईल. डेटयुटिल चालू वर्षापासून पन्नास वर्षांची खिडकी धरतो. त्यामुळे १५/०८/७० ही स्ट्रिंग २०२० मध्ये १९७० ची होती, २०२१ पासून २०७० ची झाली. कोडला कुणी हातही लावलेला नाही.

स्ट्रपीटाइम धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही. चोवीस तासांच्या घड्याळाची खूण टक्का-मोठा एच (%H) आणि सोबत एएम-पीएमची टक्का-पी (%p) लिहिलीत, तर दुपारचे ३:३० पहाटेचे होतात, तेही एररशिवाय. बारा तासांच्या घड्याळाला टक्का-मोठा आय (%I) हवा. फॉरमॅटमध्ये वर्षच नसेल तर तो १९०० धरतो, ते लीप वर्ष नाही, म्हणून नुसतं २९ फेब्रुवारी नाकारलं जातं. निदान नाकारलं तरी जातं.

पांडास (pandas) या तक्त्यांवर काम करणाऱ्या पायथन लायब्ररीनेही आवृत्ती २.० मध्ये ओळीओळीला अंदाज बांधणं सोडलं; आता पहिल्या नोंदीवरून फॉरमॅट ठरतो आणि तोच सगळ्या रकान्याला लागतो. अर्थात पहिलीच नोंद ०३/०४ असेल तर फॉरमॅट द्यावा लागतोच.

एकदाच उघडायची फाइल असेल आणि निकालावर नजर फिरवणार असाल, तर डेटयुटिल खुशाल वापरा. रोज रात्री आपोआप चालणाऱ्या कामाला मात्र स्ट्रपीटाइम बरा वाटतो. प्रत्येक स्रोताला तीन-चार फॉरमॅटची यादी द्या, क्रमाने लावून पाहा, एकही बसला नाही तर ती ओळ वेगळ्या फाइलमध्ये टाका. चार अक्षरी सप्टेंबर आधीच रिप्लेसने (मजकूर बदलणाऱ्या फंक्शनने) तीन अक्षरी करा. आणि एकाच यादीत दिवस-आधी आणि महिना-आधी हे दोन्ही फॉरमॅट ठेवू नका, नाहीतर डेटयुटिलच पुन्हा हाताने लिहून होईल.