एसीएल तुटलंय: लगेच ऑपरेशन की आधी फिजिओ?

एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलं की ऑपरेशन करायचंच, असं सगळे धरूनच चालतात. मी नाही केलं. पण हे सगळ्यांना लागू पडेल असं नाही हां. गुडघा लॉक होत असेल, म्हणजे मेनिस्कसचा (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीचा) तुकडा मध्ये अडकून पाय सरळच होत नसेल, तर पुढचं वाचत बसू नका, सर्जन गाठा.

फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल, जिथे पाय रोवून गर्रकन वळायचं असतं, तिथे ऑपरेशनची बाजू खरंच भक्कम आहे. गुडघा सारखा सटकत राहिला की दरवेळी मेनिस्कसची वाट लागायची भीती असते. सरळ रेषेत पळणारे, सायकलवाले, पोहणारे यांचं मात्र बऱ्याचदा एसीएलवाचून भागतं. मी पळणाऱ्यांतला.

आता मला जे नडलं ते सांगतो. दुखापतीनंतर सूज येते आणि मांडीचा पुढचा स्नायू चक्क झोपी जातो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून फिजिओ म्हणतो खाली दाबा, वाटी वर सरकायला हवी, आपण दातओठ खाऊन जोर लावतोय आणि मांडी ढिम्म! इतका वैताग मला दुखण्याचाही आला नव्हता. महत्प्रयासाने तो स्नायू जागा झाला, जिना नीट उतरता यायला लागला, आणि मग समजलं की ऑपरेशननंतर हेच सगळं पुन्हा पहिल्यापासून, वर ग्राफ्टसाठी, म्हणजे तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवायला, बहुतेक वेळा आपल्याच मांडीमागच्या धडधाकट हॅमस्ट्रिंगचा नाहीतर वाटीखालच्या टेंडनचा तुकडा काढणार. माझं तिथेच ठरलं. ऑपरेशन केलं की फिजिओतून सुटलो असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नसतं, व्यायाम तेच, आणि वळणावळणाच्या खेळात परतायला निदान 9 महिने थांबा म्हणतात, घाई केली तर परत तुटायचा धोका वाढतो.

2010 मध्ये स्वीडनचा एक अभ्यास आला होता, 121 तरुण, खेळणारे पण प्रोफेशनल नव्हेत. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना आधी रिहॅब आणि गरज पडली तरच नंतर ऑपरेशन. 2 वर्षांनी दुखणं, खेळणं वगैरेच्या स्कोअरमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. रिहॅबवाल्यांपैकी 5 वर्षांत साधारण निम्म्यांनी ऑपरेशन करून घेतलंच, यावर लोक म्हणतात बघा, शेवटी करावंच लागतं. मला त्यात उरलेले निम्मे दिसतात. आणि ऑपरेशन केलं म्हणून पुढे गुडघ्याची झीज टळतेच असंही नाही.

तुमचं पोटच खेळावर असेल तर हिशोब वेगळा, तिथे मी बोलणं बरं नाही. बाकीच्यांनी माझ्या मते तीनेक महिने मन लावून फिजिओ करावा, मग एका पायावर उड्या मारून दोन्ही पाय ताडून बघावेत. तरीही सटकत असेल तर ऑपरेशन कुठे पळून जात नाही, उलट सूज उतरलेल्या, मांडी तयार असलेल्या गुडघ्यावर केलेलं सर्जनलाही आवडतं.