साताऱ्याच्या चढांवर रोड सायकल : अकरा महिने, ५,८०० किलोमीटर

गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या आठवडाभर आधी मी रोड सायकल घेतली. आज मीटरवर ५,८१२ किलोमीटर झालेत. घेताना मला हवी होती ती माहिती कुठेच नीट सापडली नव्हती. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला, लहान हातांना आणि घराबाहेर पडलं की चढच लागणाऱ्या गावाला ही सायकल कशी पडते, हे कुणीच सांगत नव्हतं. ते सांगावं म्हणून हे लिहितेय.

मी ४२ वर्षांची, वजन ६१ किलो. साताऱ्यात आमचं औषधांचं दुकान आहे. ते दहाला उघडायचं, म्हणून माझी सायकल पहाटे साडेपाच ते साडेआठ. रविवारी जरा जास्त.

सायकल अशी : ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा चिमटा, शिमानोचा क्लॅरिस गिअर (पुढे दोन, मागे आठ), रिम ब्रेक, २५ मिमीचे टायर. पायडल धरून वजन साडेदहा किलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत बऱ्याच कंपन्या जवळपास हेच सामान देतात आणि पुढचं सगळं त्या सगळ्यांना लागू पडतं.

आधी गिअर, कारण पहिला महिना मी त्यापायीच रडले. समर्थ मंदिर सोडलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो. पहिल्या दिवशी तीनदा उतरले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सवय होईल." महिनाभर रोज गेले. उतरणं बंद झालं, पण गुडघे दुखायला लागले. मग एका रात्री हिशेब मांडून बसले. पुढची लहान चेनरिंग (पायडलजवळची चकती) ३४ दात्यांची, मागची सगळ्यांत मोठी चकती २८ दात्यांची. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. घाटात माझा वेग ताशी साडेसात. त्या वेगाला मिनिटाला ४९ फेरे पडतात, म्हणजे प्रत्येक फेरा रेटूनच मारायचा. मागचा कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून ११-३४ घेतला (लहान चकती ११ दात्यांची, मोठी ३४). आता एका फेऱ्यात दोन मीटर आणि थोडं वर, आणि त्याच वेगाला जवळपास ६० फेरे. वेग वाढला नाही, पण पंधरा दिवसांत गुडघे थांबले आणि वर पोहोचल्यावर बोलायला दम उरायला लागला. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला डिरेलर म्हणतात. माझ्या डिरेलरचा पिंजरा लांब होता म्हणून ३४ दाती चालला, चेन मात्र जास्त लांबीची लागली. तुमच्याकडे पिंजरा आखूड असेल तर आधी मेकॅनिकला विचारा.

महाबळेश्वर, वाई, सातारा, पाटण, या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन : दुकानात उभं राहूनच कॅसेट बदलून मागा. "हे रेसिंगचं आहे, हलका गिअर लागत नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला पसरणीच्या घाटात घेऊन जा.

आता बसण्याबद्दल, आणि मोकळेपणाने, कारण बायका हे एकमेकींनाही सांगत नाहीत. सोबत आलेली सीट अरुंद होती. तासाभरात पुढचा भाग बधिर व्हायचा. दोन महिने वाटलं, आपलंच शरीर कमी पडतंय. तसं काही नसतं. बैठकीची हाडं मापून, मधे खोल खाच असलेली रुंद सीट घेतली आणि तिचं नाक केसभर खाली केलं. पॅडची चड्डी नुसतीच घालायची, तिच्या आत दुसरं काही नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती जखमा वाचल्या असत्या! हँडल लांब पडायचं, म्हणून हँडल फ्रेमला जोडणारा १०० मिमीचा स्टेम काढून ७० चा लावला. ब्रेकच्या लिव्हरही माझ्या बोटांजवळ आणून घेतल्या. त्याआधी उतारावर लिव्हर नुसती टोकांनी धरत होते, आणि ते धोक्याचंच होतं.

टायर. दुकानातून १०० पीएसआयच्या वर हवा भरून दिली होती. हवा ठासून भरली की सायकल पळते, असं मलाही वाटायचं. आपल्या रस्त्यांवर टायर नुसता उडत राहतो, आणि मनगटं रात्री ठणकतात. २८ मिमीचे टायर माझ्या फ्रेममध्ये जेमतेम बसले. आता पुढे ६०, मागे ६५ ठेवते. हा एक बदल करायला मी सहा महिने का लावले कळत नाही.

आतापर्यंत नऊ पंक्चर, त्यांतले सात मागच्या चाकाचे, आणि जुन्या टायरवरच. नव्यावर दोनच. खिळे-काचा कमी असतात, खरा शत्रू म्हणजे ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून रस्त्यावर सांडलेली बारीक तार. केसाएवढी जाड, जेमतेम बोटाच्या पेराएवढी लांब. ती टायरमध्ये अशी रुतते की बाहेरून दिसतच नाही, आणि नवी ट्यूब टाकली की दहा मिनिटांत तीही जाते. कासच्या रस्त्यावर पेट्रीजवळ माझं असंच झालं. लागोपाठ दोन ट्यूबा गेल्या. तिसरी नव्हती. चहाच्या टपरीवरच्या मावशी बाहेर आल्या, "कुठनं आलासा ताई?" म्हणत घमेल्यात पाणी घेऊन आल्या आणि माझ्याबरोबर उकिडव्या बसल्या. ट्यूबमधून बुडबुडा आला ती जागा त्यांनीच आधी पकडली. मी टायर लावताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर आणते. त्यामुळे ट्यूबचं भोक सापडलं की टायरची जागाही लगेच सापडते. तिथे आतून कापसाचा बोळा फिरवला (औषधांचं दुकान असल्याचा फायदा, पिशवीत कापूस असतोच). दुसऱ्या फेरीला कापसाचा एक तंतू अडकला. तीच तार. बोटाने लागत नव्हती, फोर्सेपने ओढल्यावर आली. मावशींनी ती तळहातावर घेऊन उन्हात धरली आणि म्हणाल्या, "एवढीशी व्हय!" चहाचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी कंदी पेढे घेऊन गेले. आता तो माझा नेहमीचा थांबा आहे.

फेब्रुवारीत पडले. उसाचे दिवस, कोरेगावकडचा रस्ता. पुढे ट्रॉली, तिच्यामागे रस्त्यावर ऊस सांडलेले. ते चुकवायला कडेला घेतली, तर तिथे खड्डा बुजवलेली सुटी खडी. पुढचं चाक सरकलं. कोपर, कंबर, गुडघा सोलून निघाला, हेल्मेटच्या कडेला चीर गेली. डोकं शाबूत राहिलं. एक विनंती : अशा जखमेवर हळद, चहापत्ती, पावडर काही टाकू नका. भरपूर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने खडी धुऊन काढा, वर गॉज ठेवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. मी आता सलाइनची छोटी बाटली सोबतच ठेवते.

सायकलचं नुकसान वरून काहीच दिसत नव्हतं. पण डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो हँगर आत वाकला होता. तो वाकावा म्हणूनच मऊ केलेला असतो, फ्रेम वाचते. मात्र तसाच सर्वांत हलका गिअर टाकला असता तर डिरेलर सरळ चाकाच्या तारांत गेला असता. आणि इथे माझी या सायकलबद्दलची खरी तक्रार आहे. हँगर जवळपास प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि कंपनीकडून तो यायला २३ दिवस लागले. चार फोन, तीन मेल. बोटभर धातूच्या तुकड्यासाठी चालती सायकल भिंतीला टेकून उभी! सायकल घ्याल त्याच दिवशी एक जादा हँगर घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाका.

मागच्या चाकाची तार २,९०० किलोमीटरला तुटली. राजवाड्याच्या बाजूला एक जुने मिस्त्री आहेत, सत्तरीच्या पुढचे. मी बिचकतच गेले, कारण गिअरच्या सायकली ते फारशा घेत नाहीत. त्यांनी तार टाकली आणि चाकाचा आऊट काढायला बसले. चाक फिरवायचं, डोळा बारीक करायचा, एका तारेला पाव फेरा, समोरच्या तारेला पाव फेरा. मधेच तारा नखाने वाजवून आवाज ऐकायचे. पाऊण तास लागला. शेवटी चाक फिरताना जागचं हलत नव्हतं. त्यानंतर एकही तार तुटलेली नाही. वर्षाचं ओव्हरऑइलिंगही मी त्यांच्याकडेच करणार आहे.

पावसात रिम ब्रेक उशिरा धरतो, हे मान्य करायलाच हवं. लिव्हर दाबली की आधी रिमवरचं पाणी पुसलं जातं, मग पकड येते. धुक्यात यवतेश्वर उतरताना ते दीड-दोन सेकंद फार मोठे वाटतात. मी वळणाच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलके लावत राहते. ओल्या राइडनंतर ब्रेकचं रबर तपासते. त्यात रिमचे चकाकणारे कण रुतलेले असतात, ते सुईने एकेक उपसते. नाही काढले तर पुढच्या उतारावर खरवडल्याचा आवाज येतो आणि रिम झिजते. ज्यांना पावसाळाभर चालवायची आहे त्यांनी पैसे असतील तर डिस्क ब्रेकचीच घ्यावी. चेन डिझेलने धुते, कोरडी करून तेल घालते, जादाचं पुसून टाकते. ४,३०० किलोमीटरला चेनची झीज मोजणाऱ्या गेजने ०.७५ टक्के दाखवलं तेव्हा बदलली.

कुत्री मागे लागली तर उतरा, सायकल मधे घ्या, चालत पुढे जा. आजवर एकदाही चावलेलं नाही.

जानेवारीत पुण्याहून २०० किलोमीटरची ब्रेव्हे केली, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. मुदत साडेतेरा तासांची असते, मला १२ तास २० मिनिटं लागली. शिक्का मारलेलं कार्ड दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. औषधं घ्यायला येणाऱ्या बायका विचारतात, मग आम्ही बोलत बसतो. त्यांतल्या दोघींनी सायकली घेतल्या, साध्याच, कॅरिअरवाल्या. आता गुरुवारी आम्ही तिघी लिंबपर्यंत जातो.

आनंदाचं काय लिहू? सप्टेंबरमध्ये कासला जा, पण शनिवार-रविवारी नको, आठवड्याच्या मधल्या दिवशी उजाडता उजाडता. गाड्या यायच्या आत. तेरड्याचा गुलाबी रंग धुक्यातून आधी ठिपक्यांनी दिसतो, मग एकदम सगळा. फुलांत पाऊल टाकू नका, सायकल तर नाहीच.

आणि त्याही पुढे, कास सोडून बामणोलीचा उतार. खाली कोयनेचं शिवसागर पसरलेलं असतं. पायडल थांबवलं की मागच्या चाकाची फक्त टिकटिक ऐकू येते, आणि वळणागणिक पाणी मोठं होत जातं. येताना तोच सगळा चढ. गेल्या रविवारी तो पहिल्यांदा न उतरता चढले, ३४-३४ वर, ताशी सात-साडेसातने. वर पोहोचले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. मावशींच्या टपरीपर्यंत भिजत आले, त्यांनी लांबूनच ओळखून स्टोव्ह पेटवला.